एका गाण्याची चार कपाटे

(तृतीय वर्ष, कला)

यंदाच्या स्नेहसंमेलनातील शास्त्रीय गायनाच्या स्पर्धेत एक लहानसा वाद झाला. बहुतेकांच्या तो लक्षातही राहिला नसेल. आमच्या वर्गातील एक विद्यार्थिनी मंचावर बसली, तिने मोबाइल समोर ठेवला, त्यातून तानपुऱ्याचा झंकार सुरू केला आणि डोळे मिटून षड्ज लावला. गाणे चांगले झाले. निकालाच्या वेळी मात्र एका परीक्षकांनी हरकत घेतली. यंत्रातून वाजणारा तानपुरा हा तानपुराच नव्हे, सबब गुण कापले पाहिजेत, असे त्यांचे म्हणणे. दुसऱ्या परीक्षकबाई म्हणाल्या, घरी तानपुरा घेण्याची ऐपत नाही म्हणून मुलीने गाऊच नये काय? पाच-दहा मिनिटे बोलाचाली झाली आणि 'पुढच्या वर्षी नियम करू' असे ठरून प्रकरण मिटले.

मला त्या दिवशी दोन गोष्टी खटकल्या. ज्या मंचावर मोबाइलला हरकत घेतली गेली, त्याच मंचावर साथीला पेटी होती आणि तिच्याविषयी कोणी अवाक्षर काढले नाही. वास्तविक पेटी हेही यंत्रच, आणि तेही परदेशातून आलेले. दुसरी गोष्ट अशी की, त्याच दिवशी दुपारी आपल्या महाविद्यालयातील दोन मुलांनी हलगी वाजवली. ती मंचावर नव्हे, बाहेरच्या पटांगणात. कार्यक्रमपत्रिकेत तिचा उल्लेख 'संगीत' या मथळ्याखाली नव्हता. 'करमणूक' या मथळ्याखाली होता. वाद्य कोणते आणि यंत्र कोणते, संगीत कोणते आणि करमणूक कोणती, हे कोणी ठरवले? या प्रश्नाचे उत्तर 'असे चालत आले आहे' एवढेच असेल, तर पुढच्या वर्षी होणारा नियमही तसाच आंधळा होईल.

म्हणून मी ग्रंथालयात गेलो, आणि तेथे खरी अडचण उभी राहिली. आपले ग्रंथालय, बहुतेक महाविद्यालयांप्रमाणे, ड्यूई यांच्या दशांश पद्धतीने लावलेले आहे. तत्त्वज्ञान शंभराच्या घरात, समाजशास्त्र तीनशेच्या, तंत्रविद्या सहाशेच्या आणि संगीत सातशे ऐंशीच्या. शंभराचे कपाट दाराशी, तीनशेचे खिडकीजवळ, सहाशेचे जवळजवळ रिकामे (आपण पडलो कलाशाखेचे!) आणि सातशे ऐंशीचे जिन्याखाली. माझा प्रश्न एकच होता, पण त्याला चार कपाटांत वाटून टाकलेले होते. जिन्याखालच्या कपाटात राग होते, बंदिशी होत्या, गायकांची चरित्रे होती. पेटी आली कोठून, हलगी पटांगणात का राहिली, हे त्यात नव्हते. खिडकीजवळच्या कपाटात जात होती, वर्ग होता, खेडे होते. त्या खेड्यात कोणी गात होते की नाही, याचा पत्ता नव्हता.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे: संगीत, तत्त्वज्ञान, तंत्र आणि समाज यांचा एकत्र विचार करणारे विद्वत्तापूर्ण ग्रंथ जगात गेल्या शंभर वर्षांत लिहिले गेले आहेत, त्यांतील काही थेट आपल्याविषयी आहेत, आणि ते आपण मराठीत वाचले, चर्चिले पाहिजेत. नाहीतर आपण गाणे ऐकत राहू, पण आपल्या ऐकण्यामागे काय काय दडले आहे ते आपल्याला कधी कळणार नाही.

असे ग्रंथ म्हणजे काय, हे एका उदाहरणाने सांगतो. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर हा आपल्या समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परीक्षेपुरता परिचित असतो. नोकरशाही, प्रॉटेस्टंट नीती वगैरे. त्याने संगीतावर एक प्रबंध लिहिला होता, हे फारसे कोणी सांगत नाही. तो त्याच्या मृत्यूनंतर, १९२१ साली प्रसिद्ध झाला आणि त्याचे इंग्रजी भाषांतर १९५८ साली आले. त्यात वेबर विचारतो की, अनेक स्वरावली एकाच वेळी चालवणारे, स्वरसंवादावर उभे असलेले संगीत पश्चिम युरोपातच का वाढले? आमच्या लोकांचा कान श्रेष्ठ म्हणून, असे उत्तर तो देत नाही. तो मठांतल्या स्वरलिपीकडे पाहतो, ऑर्गनच्या बांधणीकडे पाहतो, सप्तकातील बारा स्वर सारख्या अंतराने बसवण्याच्या हिशेबाकडे पाहतो. पियानोविषयी तो म्हणतो की, हे उत्तरेकडील थंड प्रदेशातील मध्यमवर्गीय घराचे वाद्य आहे. जेथे आयुष्य दारे लावून घरात काढावे लागते, तेथे ते फर्निचरासारखे दिवाणखान्यात येऊन बसले. यात हवामान आले, सुतारकाम आले, गणित आले, वर्ग आला, आणि यातले काहीही संगीताच्या बाहेरचे नाही. हे पुस्तक नेमके कोणत्या कपाटात ठेवाल?

आता हीच नजर आपल्या पेटीकडे वळवून पाहा. पॅरिसच्या अलेक्झांद्र डेबँ याने १८४२ साली हार्मोनियमचे पेटंट घेतले. मिशनऱ्यांबरोबर आणि साहेबांबरोबर ते वाद्य हिंदुस्थानात आले. ते खुर्चीवर बसून पायांनी भाता मारायचे वाद्य होते. कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याला हाताचा भाता दिला, आणि पेटी जमिनीवर आली. हा बदल दिसायला किरकोळ, पण त्यामुळे ती आपल्या बैठकीत, कीर्तनात, भजनी मंडळात येऊन बसली. पायाचा ऑर्गन संगीत नाटकाच्या रंगमंचापुढे राहिला आणि हाताची पेटी गावोगावच्या विठ्ठलमंदिरात पोचली.

पण पेटीचे स्वर बांधलेले. तिच्यातून मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्यांच्या प्रयोगांना खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याचे साहाय्य झाले. पुढे क्लेमेंट्स नावाच्या इंग्रज सनदी अधिकाऱ्याबरोबर त्यांनी श्रुती दाखवणारी हार्मोनियम तयार केली, आणि १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत त्यावर वाद झाला. केवढे विलक्षण दृश्य! परदेशी यंत्राच्या साहाय्याने प्राचीन श्रुती सिद्ध करायच्या, त्यासाठी मुसलमान गवयाचा गळा, ब्राह्मण संशोधकाचे गणित आणि इंग्रज अंमलदाराची सही. यातून एक धागा काढून घेतला तर उरलेले कळत नाही.

पुढची हकीकत अधिकच बोधप्रद आहे. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली. ती १९७१ पर्यंत टिकली, आणि तेव्हाही अंशतःच उठली. बंदीच्या बाजूला पाश्चात्त्य संगीताचे जाणकार इंग्रज अधिकारी होते आणि स्वदेशीचा अभिमान बाळगणारे भारतीयही होते. रवींद्रनाथांनाही पेटी आवडत नसे. एकाला ती पुरेशी भारतीय वाटत नव्हती, दुसऱ्याला ती मुळातच परकी वाटत होती. एकतीस वर्षे आकाशवाणीच्या अधिकृत संगीतात पेटीला जागा नव्हती, आणि त्याच एकतीस वर्षांत महाराष्ट्रातील भजनी मंडळे पेटीशिवाय बसत नव्हती. कोण खरे भारतीय संगीत ऐकत होते? या बंदीवर मॅट रहेम या अभ्यासकाने २०११ साली एक उत्तम निबंध लिहिला आहे. तो वाचला असता, तर आमचे परीक्षक मोबाइलवर इतक्या चटकन नाराज झाले नसते, किंवा निदान पेटीकडेही त्यांनी एकदा वळून पाहिले असते.

याचा अर्थ 'काहीही चालते' असा नव्हे. तानपुऱ्याच्या बाजूने बोलणाऱ्यांच्या म्हणण्यातही तथ्य आहे, आणि ते पदार्थविज्ञानाने सांगितलेले आहे. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर एक निबंध प्रसिद्ध केला. तार ज्या बिंदूवर छेडावी त्या बिंदूशी निगडित असे काही उपस्वर उमटू नयेत, असा सामान्य नियम आहे. रामन यांना आढळले की तानपुऱ्यात आणि वीणेत ते उपस्वरही स्पष्ट ऐकू येतात. याचे कारण घोडीची रुंद, वाकदार पाठ, आणि तानपुऱ्यात तारेखाली सरकवलेला जवारीचा दोरा. ही घोडी घासून जवारी काढणारे कारागीर मिरजेत आहेत. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतील माणसे एकोणिसाव्या शतकात वाद्यांकडे वळली आणि पुढे 'सतारमेकर' हे त्यांचे आडनावच झाले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. दुसऱ्या बाजूला, बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी १९७९ साली विजेवर चालणारा तानपुरा तयार केला. आमच्या वर्गभगिनीच्या मोबाइलमधील झंकार हा त्याचाच पुढचा वंशज. त्या यंत्राने एकट्याने रियाज करणाऱ्या हजारो मुलामुलींची सोय झाली, आणि त्याच यंत्राने मिरजेच्या कारागिरापुढे पोटाचा प्रश्नही उभा केला. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत. स्पर्धेचा नियम करायचा असेल तर त्या दोन्ही समोर ठेवून करावा लागेल.

आता पटांगणातल्या हलगीकडे येतो. टी. एम. कृष्णा हे कर्नाटक संगीतातील मोठे गायक. त्यांनी २०२० साली 'सबॅस्टियन अँड सन्स' हे मृदंग बनवणाऱ्यांवरचे पुस्तक प्रसिद्ध केले. मृदंगाला गाईचे, म्हशीचे आणि बकरीचे कातडे लागते. ते कमावणारे, कापणारे, मढवणारे कारागीर बहुतेक दलित ख्रिस्ती. वाजवणारे मात्र प्रामुख्याने ब्राह्मण. वादकाला हवा तो नाद मिळावा म्हणून कारागीर वर्षानुवर्षे कातड्याशी झटतो. तो नाद त्याच्याही कानात असतो, किंबहुना आधी त्याच्या कानात असतो. पण मैफलीत त्याला जागा नाही, आणि संगीताच्या इतिहासात त्याचे नाव नाही. कृष्णांनी ही माणसे शोधली, त्यांची नावे लिहिली, त्यांचे ज्ञान हे ज्ञान म्हणून मांडले.

हे पुस्तक तमिळ भूमीतले आहे. ते जसेच्या तसे महाराष्ट्रावर चिकटवता येणार नाही. परंतु प्रश्न तोच आहे. हलगी वाजवण्यापूर्वी आमची मुले ती जाळावर शेकत होती. कातडे किती तापले की आवाज मोकळा होतो, हे त्यांना बोटाने कळत होते. जवारी काढणाऱ्याचा कान आणि हलगी शेकणाऱ्याचे बोट, या दोन ज्ञानांत जातीने प्रतवारी लावलेली आहे, नादाने नव्हे. हलगी पिढ्यान्‌पिढ्या कोणत्या समाजाने वाजवली हे आपल्याला ठाऊक आहे, आणि ती मंचाऐवजी पटांगणात का, याचे उत्तर तेथे आहे. आमच्या कार्यक्रमपत्रिकेने कोणाचा अपमान करायचे ठरवले नव्हते, हे मी जाणतो. ती न ठरवता झाली, म्हणूनच तिचा विचार करायला हवा.

ध्वनिमुद्रणाने तर आपल्या ऐकण्याची घडणच बदलली. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेडरिक गेसबर्ग याने कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. तबकडी छापली जाणार होती जर्मनीत हॅनोव्हरला. म्हणून गाणे संपताच आपले नाव सांगण्याची प्रथा पडली. तासभर चालणारा राग तीन मिनिटांत बसवावा लागला. बंदिश लवकर मांडायची, तान कोठे घ्यायची, संपवायचे कसे, याचा नवा हिशेब आला. गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांच्या 'जात कहाँ हो' या भैरवीचे ध्वनिमुद्रण १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेले. ते साडेतीन मिनिटांच्या आसपासचे आहे. दोन्ही याने आता आंतरतारकीय अवकाशात पोचली आहेत. तासन्‌तास एक राग उलगडणाऱ्या गायकीचा जो नमुना मानवजातीने ताऱ्यांकडे धाडला, तो तबकडीच्या मापाचा आहे! हे सांगताना केसरबाईंचा मोठेपणा उणा होत नाही. त्या मापात त्यांनी काय करून ठेवले, हे उलट अधिक कळते.

या विषयावर तत्त्वज्ञांनी डोके खाजवले आहे. थिओडोर अडोर्नो हा आल्बान बेर्गकडे संगीतरचना शिकलेला तत्त्वज्ञ. त्याने १९३८ साली लिहिलेल्या निबंधाचा आशय असा की, बाजारात उभे राहिलेले संगीत ऐकताना माणूस ऐकत नाही, तो केवळ ओळखतो. मोठ्या मैफलीत बसून तो आपण तिकिटाला मोजलेल्या पैशांचीच पूजा करतो. वाचताना राग येतो, आणि मग आपणच 'हे गाणे ओळखीचे आहे' म्हणून टाळ्या वाजवल्याचे आठवते. मात्र हाच अडोर्नो जाझविषयी लिहितो तेव्हा त्याचा कान बंद झालेला जाणवतो. ज्या कृष्णवर्णीय कलावंतांनी ते संगीत घडवले, त्यांच्या बाजूने तो एकदाही बसून ऐकत नाही. विद्वानांचे ग्रंथ वाचायचे ते असे, भांडत. वेद म्हणून नव्हे.

भांडायला सोबती हवा असेल तर पीटर मॅन्युएल यांचे १९९३ सालचे 'कॅसेट कल्चर' हे पुस्तक घ्यावे. ते उत्तर भारताविषयी आहे. तबकड्यांच्या काळात बाजारावर जवळजवळ एकाच कंपनीची सत्ता होती. कोणाचा आवाज मुद्रित करायचा हे ती ठरवी. १९८० च्या दशकात स्वस्त कॅसेट आली आणि लहानसहान उत्पादक उभे राहिले, बोलीभाषांतील गाणी बाजारात आली, ज्यांना कोणी विचारत नव्हते त्यांना श्रोते मिळाले. अडोर्नोचे गणित येथे चुकते. पण त्याच कॅसेटमधून विद्वेष पसरवणारी भाषणेही घरोघर गेली, हेही मॅन्युएल लपवत नाहीत. आपल्याकडे प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, आनंद शिंदे यांचे आवाज, भीमगीते, जत्रेतली गाणी, वरातीची गाणी, हा सारा संसार तबकडी आणि कॅसेट यांच्या आधाराने वाढला. त्या संसाराचा असाच साक्षेपी अभ्यास आपण करायला नको काय?

आणि कॅसेटही आता गेली. जोनाथन स्टर्न यांचे 'एमपीथ्री' हे पुस्तक २०१२ सालचे. विषय नीरस वाटतो: संगणकातील फाइलीचा एक प्रकार! पण त्यांनी दाखवले आहे की, या प्रकाराची मुळे विसाव्या शतकाच्या आरंभीच्या टेलिफोन कंपनीच्या संशोधनात आहेत. माणसाला काय ऐकू येत नाही याचा शोध घ्यायचा, ते गाळायचे आणि तारेवरची जागा वाचवायची. पुढे तेच तत्त्व गाण्याला लावले. म्हणजे आपण मोबाइलवर जे ऐकतो, त्यातून कानाला जाणवणार नाही असे मानलेले काढून टाकलेले असते. मात्र हा 'कान' कोणाचा? चाचणीला बसलेल्या श्रोत्यांचा आणि त्यांना ऐकवलेल्या संगीताचा. त्यात जवारीच्या झंकारात वाढलेला एखादा कान होता काय, हा प्रश्न आपणच विचारायचा आहे. स्टर्न यांनी तो विचारण्याची रीत तेवढी शिकवली.

येथे कोणी म्हणेल, ही सारी इंग्रजी पुस्तके. आपला काय संबंध? माझे दुःख नेमके हेच आहे. मराठीत अशा विचाराची परंपरा नव्हती असे नाही. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' हा प्रचंड ग्रंथ १९१० ते १९३२ या काळात चार भागांत लिहिला, तो मराठीत, आणि गुरू-शिष्याच्या संवादरूपाने. अखिल हिंदुस्थानातील संगीताची मांडणी ज्या ग्रंथाने बदलली, त्याची भाषा आपली होती. गोविंदराव टेंबे पेटीही वाजवत आणि लेखणीही. हिशेबतपासनीस असलेल्या वामनराव देशपांडे यांनी १९६१ साली 'घरंदाज गायकी' लिहून घराण्यांचे सौंदर्यशास्त्र मांडले. रा. भा. पाटणकरांची 'सौंदर्यमीमांसा' १९७४ ची. डॉ. अशोक दा. रानडे यांनी तर संगीताच्या आदिम, लोक, धर्म, कला, जन आणि संगम अशा कोटी मांडल्या. त्यांच्या या विभागणीत हलगीला 'करमणूक' म्हणून बाहेर बसावे लागत नाही. तिला आपली कोटी आणि आपले नियम आहेत.

त्याच भातखंड्यांवर आणि विष्णु दिगंबर पलुस्करांवर जानकी बखले यांनी 'टू मेन अँड म्युझिक' हे पुस्तक २००५ साली इंग्रजीत लिहिले. राष्ट्रीयत्वाच्या भरात संगीताला 'शास्त्रीय' रूप देताना मुसलमान उस्ताद आणि गाणाऱ्या स्त्रिया कशा कडेला सारल्या गेल्या, हे त्या दाखवतात. तेजस्विनी निरंजना यांचे २०२० सालचे पुस्तक मुंबईतील हिंदुस्थानी संगीताच्या वेडाविषयी आहे. म्हणजे ज्या गिरगावात आपले आजोबा-पणजोबा रात्र-रात्र गाणे ऐकत बसले, त्यावरची चर्चा आता न्यूयॉर्क, शिकागोच्या वर्गांत होते आणि आपल्या वर्गात होत नाही. बखले यांचे सर्व म्हणणे पटेलच असे नाही. भातखंड्यांना मानणाऱ्याला ते झोंबेल. झोंबू द्या. पण प्रतिवाद करायचा तर आधी वाचावे लागेल, आणि प्रतिवाद मराठीत करायचा तर त्यासाठी शब्द घडवावे लागतील. भातखंड्यांनी ते घडवले होते. त्यांच्यानंतर आपण शब्द घडवण्याचे काम परीक्षेच्या मार्गदर्शकांवर सोपवले!

दोन आक्षेप मला दिसतात. पहिला आमच्या संगीताच्या सरांचा. ते म्हणतात, "अरे, गाणे ऐकायचे की वाचायचे? इतके पिंजल्यावर रस उरतो काय?" सरांविषयी पूर्ण आदर राखून मी सांगतो की, माझा अनुभव उलट आहे. रामन यांचा निबंध कळल्यापासून मी तानपुरा अधिक वेळ ऐकतो. हलगी शेकताना पाहिल्यापासून तिच्या कडाडण्यात मला एक हात दिसतो. रस जातो तो अज्ञानाने नव्हे आणि ज्ञानानेही नव्हे, तो कंटाळ्याने जातो. मात्र सरांच्या म्हणण्यातील अर्धी बाजू मान्य केली पाहिजे. या ग्रंथांपैकी काही असे आहेत की त्यांत गाणेच ऐकू येत नाही. 'समाज' येतो, 'सत्ता' येते, आणि गाणारी व्यक्ती त्यांच्या ओझ्याखाली दिसेनाशी होते. ज्याला यमन आणि भूप यांतील फरक कानाने कळत नाही, त्याने संगीताच्या समाजशास्त्रावर बोलू नये, हे मला पटते. पण ज्याला तो फरक कळतो, त्याने पटांगणाकडे पाहूच नये, हे पटत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. पुस्तके महाग, इंग्रजी अवघड, अभ्यासक्रमात नाहीत. तिन्ही खरे. एकट्याने वाचायला घेतले तर पंधराव्या पानावर धाप लागते, हा माझाच अनुभव. म्हणूनच हे काम एकट्याचे नव्हे. संगीताच्या विद्यार्थ्याला स्वर कळतात, समाजशास्त्राच्या विद्यार्थिनीला वर्ग आणि जात कळते, तत्त्वज्ञानवाल्याला युक्तिवाद कळतो, आणि शेजारच्या विज्ञान शाखेतील एखाद्या मित्राला कंपनसंख्या कळते. चौघे एका टेबलाशी बसले तर वेबर अवघड नाही.

माझ्या सूचना अगदी साध्या आहेत. ग्रंथालयात एक फळी, कपाटही नको, या विषयाला द्यावी. जी पुस्तके आधीच चार कपाटांत विखुरलेली आहेत ती तेथे एकत्र आणावीत. ज्यांना जागेवरून हलवणे शक्य नसेल त्यांच्या नावाची चिठ्ठी लावावी. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३३ साली द्विबिंदू वर्गीकरण दिले ते एकाच विषयाचे अनेक पैलू जोडता यावेत म्हणूनच. तेव्हा ही कल्पना आमच्या ग्रंथपालांना नवखी वाटणार नाही. दरवर्षी दोन पुस्तके खरेदी करावीत. वाचणाऱ्या गटाने प्रत्येक पुस्तकाचा दहा-बारा पानांचा मराठी सारांश लिहून ग्रंथालयात ठेवावा. पुढच्या वर्षीच्या मुलांना तो पायरी म्हणून उपयोगी पडेल. आणि प्रत्येक गटाने एक काम पुस्तकाबाहेरचे करावे: आपल्याच तालुक्यातील पेटी दुरुस्त करणारा, तबला मढवणारा, हलगी बांधणारा यांच्याकडे जाऊन त्यांचे काम त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. त्यांचे शब्द आपल्या शब्दकोशांत नसतील. मराठीत या विषयाची परिभाषा घडवायची असेल तर ती तेथून येईल.

स्पर्धेचा नियम पुढच्या वर्षी होणार आहे. समिती माझे मत विचारणार नाही, तरी सांगून ठेवतो. मोबाइलवरील तानपुऱ्याला मज्जाव नसावा. पण महाविद्यालयाने मिरजेचा एक चांगला तानपुरा विकत घ्यावा, तो विद्यार्थ्यांना रियाजासाठी खुला ठेवावा, आणि तो लावायला शिकवावे, म्हणजे ज्याला फरक ऐकायचा आहे त्याला तो ऐकता येईल. हलगी मंचावर आणावी. शास्त्रीय गायनाच्या स्पर्धेत नव्हे, तिच्या स्वतःच्या स्पर्धेत, तिचे मर्म जाणणारा परीक्षक बसवून. आणि कार्यक्रमपत्रिका छापण्यापूर्वी 'संगीत' या मथळ्याखाली काय काय येते, यावर चारही विभागांच्या प्राध्यापकांनी एक तास एकत्र बसावे.

त्या एका तासासाठी लागणारी पुस्तके कोणत्या कपाटात आहेत, हे आता मला पाठ झाले आहे. बोलावले तर मी ती काढून आणून देईन.